वाचक विचारतात : हिवाळ्यातलं मौन, बैठक आणि वही

ठरलेले काही दिवस बोलायचं नाही. ठरल्या वेळी ध्यानाला बसायचं (हीच ‘बैठक’), चालायचं आणि लिहायचं. झेन या जपानी बौद्ध परंपरेतल्या ध्यानाशी सांगड घातलेलं असं मौन-लेखन इंदुरात, घरच्या घरी, थंडीत करता येईल का, यावर आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, वस्तीचं नाव ठेवलं आहे.

आम्ही चौघी जणी पाच दिवसांचं मौन करायचं म्हणतोय. डिसेंबर घ्यावा की जानेवारी? आणि घरी करावं की ओंकारेश्वर-महेश्वरला जावं? (सुदामानगर)

जपानमधल्या झेन मठांत वर्षातली सगळ्यात कडक बैठक १ ते ८ डिसेंबर अशी असते. तिला रोहात्सु म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘बाराव्या महिन्याची आठवी’. बुद्धांना बोधी झाली तो दिवस तिकडे ८ डिसेंबरला पाळतात. तुम्हाला ती तारीख साधायची असेल तर साधा, पण इंदुरात त्या आठवड्यात लग्नसराई असू शकते, आणि रात्री अकरापर्यंत बँड आणि डीजे गल्लीतून हलत नाही. १६ डिसेंबरच्या सुमाराला धनुर्मास लागतो, इकडे त्याला मलमास म्हणतात, आणि संक्रांतीपर्यंत लग्नं थांबतात. त्यात नाताळ ते १ जानेवारी हे दिवस सुट्टीच्या गर्दीचे. म्हणून २ ते १२ जानेवारी हा काळ आम्हाला सगळ्यात चांगला वाटतो. थंडीही तेव्हा पुरी मुरलेली असते.

पहिल्या खेपेला घरच बरं. अनोळखी धर्मशाळेत गरम पाणी कधी येतं, दिवा कुठे लागतो, हे विचारण्यातच मौन मोडतं. आणि पाच दिवस नकोत. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढं एकदा करून बघा. ते जमलं की पुढच्या वर्षी पाच.

पूर्ण दिवसाचा क्रम असा ठेवता येईल. साडेपाचला उठायचं. सहाला अर्धा तास बैठक, दहा मिनिटं चाल, पुन्हा अर्धा तास बैठक. इंदुरात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे दुसरी बैठक संपता संपता उजाडतं. मग चहा, नाश्ता, तासभर घरकाम. साडेनऊला पंचवीस मिनिटं बसून लगेच पन्नास मिनिटं लेखन. अकराला पुन्हा पंचवीस मिनिटं बैठक आणि पस्तीस मिनिटं लेखन. बाराला जेवण. अडीच ते चार गच्चीवर उन्हात लेखन. साडेचारला पंचवीस मिनिटं बैठक, पाचला उजेडातच बाहेर फेरी, साडेसहाला हलकं जेवण, आठला शेवटची अर्ध्या तासाची बैठक आणि नऊला अंथरूण. बैठक आणि लेखन मिळून दिवसाचे पावणेसहा तास होत नाहीत. कागदावर हे थोडं वाटतं. कराल तेव्हा पुरेसं वाटेल. क्रमाचा कागद भिंतीवर लावा, म्हणजे ‘आता काय?’ असं कुणी कुणाला विचारणार नाही.

थंडी सोसणं हाही साधनेचाच भाग नाही का? मी पातळ सतरंजीवर, अंगात एका सदऱ्यानिशी बसतो. (राजेंद्रनगर)

नाही. जपानमधल्या सोतो या झेन पंथाचे प्रवर्तक दोगेन (१२००–१२५३) यांनी बैठकीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा ठेवावा, वारा आणि धूर आत येऊ देऊ नये, जागा दिवसा-रात्री अंधारी नसावी, जाड आसन घालावं. बर्फाळ प्रांतात मठ उभारणाऱ्या माणसाने हे लिहिलं आहे. कुडकुडणारं अंग सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतं; मग श्वास मोजला जात नाही, घड्याळ मोजलं जातं.

हलतं शरीर स्नायूंच्या कामाने तापतं. बसल्यावर ती ऊब दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, म्हणून बसताना ‘ठीक आहे’ वाटतं आणि विसाव्या मिनिटाला हुडहुडी भरते. बसतानाच थोडं जास्त पांघरा. मालव्यात दुपारी छान ऊन असलं तरी पहाटे पारा बहुतेक ८ ते १२ अंशांवर असतो, आणि कोटा फरशी रात्रभराचा गारठा धरून ठेवते. खालून जाणारी उष्णता शालीने थांबत नाही. फरशीवर आधी घोंगडी, तिच्यावर साधारण ७० बाय ८० सेंटिमीटरची कापसाची गादी, तिच्यावर उशी. गुडघ्यांवरून पावलं झाकतील अशी शाल, कमरेला आणि मानेला ऊब. कान उघडे ठेवता आले तर ठेवा, कानटोपीत झोप लवकर येते.

एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे, म्हणून ठासून सांगतो. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून बसू नका. निखारा लाल दिसत असला, धूर नसला, तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग पेंग येते, आणि डोळे अर्धे मिटून बसलेल्या माणसाला ती पेंग ध्यानाची वाटते. विजेचा हीटर बैठकीच्या आधी वीस मिनिटं लावून बंद करा आणि एक खिडकी दोन बोटं उघडी असू द्या. उदबत्तीही खोलीबाहेर.

झेनची गोल उशी इथे मिळत नाही. शिवता येईल का? माप द्याल? (स्नेहलतागंज)

येईल, आणि विकतच्यापेक्षा चांगली होईल, कारण उंची तुमच्या अंगाप्रमाणे ठरवता येते. तिचं नाव झाफू. जाड खादी किंवा ड्रिलचं कापड घ्या. ३५ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोल कापा. दीड सेंटिमीटर शिलाईत गेल्यावर ते ३२ चे होतात, म्हणजे परीघ साधारण १०० सेंटिमीटर. बाजूची पट्टी १८ सेंटिमीटर रुंद आणि १७० लांब. एवढी लांब का, तर तिला १८ चुण्या घालायच्या आहेत. एकेका चुणीत ३ सेंटिमीटर कापड जातं, म्हणजे ५४. उरलेले १६ सेंटिमीटर दोन टोकं एकमेकांवर चढवायला. ती टोकं शिवून बंद करायची नाहीत, तिथूनच भरण घालायचं आणि काढायचं. चुण्या गाळल्या तर उशी भरल्यावर कडा ताणून फाटते, आणि बसल्यावर कापडाला पसरायला जागा राहत नाही.

भरणात शेवरीचा कापूस सगळ्यात उत्तम, सव्वा किलोच्या आसपास लागतो. तो हलका असतो आणि चटकन दबत नाही. साधा कापूस घातला तर दीड ते दोन किलो लागेल आणि पंधरा दिवसांत उशी बसेल. तेव्हा पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरावी लागते. फोमचा तुकडा नको, त्यावर अंग डुलतं. बसल्यावर उशी १२ ते १५ सेंटिमीटर उंच राहिली पाहिजे. पारख सोपी आहे. दोन्ही गुडघे गादीला टेकले तर उंची बरोबर. अधांतरी राहिले तर मूठ-दोन मूठ कापूस आणखी घाला. कंबर पुढे फार वाकत असेल तर काढा.

उशी मांड्यांखाली सारायची नाही. पाय गादीवर, आणि उशी फक्त पार्श्वभागाखाली, तीही पुढच्या तिसऱ्या भागावर बसून. ही एक चूक इतकी सर्रास होते की अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. त्यांतली एक पुढच्याच पत्रात आहे.

पंधरा मिनिटांत पाय बधिर होतो. रक्त थांबल्याने इजा होईल का? (महू)

बहुतेक वेळा रक्तवाहिनीपेक्षा मज्जातंतू दबलेला असतो. उशीची कड मांडीच्या मागे रुतते किंवा घोट्यावर दुसऱ्या पायाचा भार येतो. पद्मासनाचा हट्ट सोडा; दोन्ही पावलं एकापुढे एक गादीवर ठेवून बसलं तरी ती बैठकच. जीन्स नको, सैल पायजमा किंवा सलवार. घंटा झाल्यावर झटक्याने उठू नका. बधिर पाऊल जमिनीवर नीट पडत नाही आणि घोटा मुरगळतो. आधी डावी-उजवीकडे अंग हलवा, पाय सरळ करा, बोटं दाबा, मुंग्या गेल्या की उठा. चालायला लागल्यावर काही मिनिटांत बधिरपणा गेला नाही किंवा पाऊल उचलताना जोर वाटला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

गुडघे बदललेल्या वाचकांनीही विचारलं आहे. त्यांनी खुर्ची घ्यावी. पाठ टेकायची नाही, पावलं घडी घातलेल्या चादरीवर सपाट, खुर्चीवर बसायच्या जागेच्या मागच्या कडेवर दुमडलेला टॉवेल म्हणजे कंबर आपोआप सरळ राहते. खुर्ची ही कमी दर्जाची बैठक नाही.

दोन बैठकींमधल्या दहा मिनिटांत चालायचं म्हणजे फेऱ्या मारायच्या का? (तिलकनगर)

सावकाश, एका श्वासाला अर्धं पाऊल. डाव्या हाताची मूठ, अंगठा आत, ती छातीशी, वर उजवा हात. दहा बाय बाराची खोली पुरते. सगळ्यांनी एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. गुळगुळीत टाइल्सवर सुती मोजे घसरतात, तेव्हा भिंतीलगत सतरंजीच्या पट्ट्या अंथरा. देवघरातली घंटा चालेल. बैठक सुरू होताना तीन ठोके, चालीसाठी दोन, संपताना एक. मोबाइलचा गजर नको, तो बंद करायला गेलेला हात संदेश उघडतोच.

गोम्मटगिरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस जाऊन तिथेच लिहिता येईल का? (वैशालीनगर)

नाही. तिथे लिहिणं, वाचणं, फोन, तिन्ही बंद असतं आणि नियम आधीच मान्य करून जायचं असतं. शिवाय ती परंपरा ब्रह्मदेशातून आलेली, झेन चीनमार्गे जपानची. ‘ध्यान’चं चीनमध्ये ‘चान’ झालं आणि जपानमध्ये ‘झेन’. दहा दिवस विपश्यनेचेच करावेत. चोरून वही नेण्यात दोन्ही बुडतात.

बसल्यावरच सगळ्यात सुंदर ओळी सुचतात आणि उठेपर्यंत विरून जातात. वही शेजारी ठेवली तर? (रामबाग)

या सदरातल्या सगळ्या प्रश्नांत हा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वही शेजारी ठेवू नका. दुसऱ्या खोलीत ठेवा.

उशीशेजारी वही असली की मन तिच्यासाठी माल गोळा करायला लागतं. तुम्ही श्वास मोजत नसता, ओळ धरून बसलेले असता, विसरू नये म्हणून ती घोळवत असता, आणि त्या घोळवण्यात पंचवीस मिनिटं जातात. ओळ गेली तर जाऊ द्या. जी खरी असते ती लिहिताना दुसऱ्या रूपात वर येते, आणि बऱ्याचदा पहिल्यापेक्षा साधी होऊन येते. जी येत नाही ती बहुधा बैठकीच्या शांततेत सुंदर भासलेली असते.

हे खरं की पारंपरिक सेस्शिनमध्ये, म्हणजे मठातल्या सलग बैठकीच्या दिवसांत, लेखनाला जागा नसते; बैठक आणि लेखन एकत्र गुंफणं अलीकडच्या काळातलं. अक्षरांवर विसंबू नका असं झेन सांगतं आणि दुसरीकडे खुद्द दोगेन पानंच्या पानं लिहितात. त्यांत विरोध वाटत असेल तर क्रमाकडे पाहा. बसताना फक्त बसणं, लिहिताना फक्त लिहिणं. मधे एक घंटा आणि खोलीचा उंबरा.

बसताना करायचं एवढंच. डोळे अर्धे उघडे, नजर साधारण हातभर पुढे जमिनीवर. डावा तळवा उजव्यावर, अंगठ्यांची टोकं अलगद टेकलेली. ती ढिली पडली तर पेंग आली, एकमेकांवर दाबली गेली तर जोर चाललाय. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एक. चौदावर सापडलात की एकपासून. चिडायचं नाही, शाबासकीही द्यायची नाही. सर्दीने नाक चोंदलं असेल तर तोंडाने श्वास घेतला तरी मोजणी तीच.

मग वहीकडे गेल्यावर हात थांबवू नका. पहिली दहा मिनिटं खाडाखोड नाही, मागे वाचणं नाही. विषय मोठा घेऊ नका. ‘हिवाळा’ असं लिहिलंत की धुकं, शाल आणि दवबिंदू आपोआप उतरतात आणि त्यांतलं एकही तुमचं नसतं. त्याऐवजी विचारा, आज सकाळी पायाला सगळ्यात आधी काय लागलं? जुन्या वाड्यातल्या बंबावर लिहायचं तर ‘आठवणी’ लिहू नका. तोटीखाली साचलेलं पाणी, ढलपी आत सारल्यावर येणारा धूर, पितळेवर ठेवलेला आणि लगेच उचललेला हात, एवढंच लिहा. आठवणी मागून येतात.

हात गारठलेले असतील तर अक्षर ताठरतं आणि पेन आवळून धरलं जातं. तासाभरात अंगठ्याचं मूळ दुखतं. लेखनाआधी कोमट पाण्यात मिनिटभर हात धरा, बोटं उघडी राहतील असे लोकरी मोजे घाला. तीन दिवसांना २०० पानी एक वही पुरते. लॅपटॉप नको.

चिठ्ठ्या लिहून बोललं तर ते मौन मोडणं का? (देवास)

‘गॅस बंद कर’ ही चिठ्ठी चालेल, ‘तुला कसं वाटतंय?’ ही नाही. गांधीजींचं सोमवारचं मौन सुरुवातीला विसावा आणि लिहायला वेळ मिळावा म्हणूनच होतं, त्याचं आध्यात्मिक मोल नंतर जाणवलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. गरज पडली तर ते कागदावर लिहून देत. गरज हाच निकष. दिवसाला तीन चिठ्ठ्या असं ठरवून घ्या. डोळ्यांनी, भुवयांनी गप्पा मारणंही थांबवा, त्या बोलण्यापेक्षा जास्त दमवतात. घरच्या मंडळींना आणि कामाच्या मावशींना आदल्या दिवशीच नीट सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं घरात भांडण झालंय.

सकाळी कचरागाडी गाणं लावून येते. तेव्हा काय करायचं? (लोकमान्यनगर)

गाडीची वेळ आठवडाभर टिपून ठेवा आणि घरकामाचा तास तिच्यावर बेता. ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकणं हे एकीचं रोजचं काम. झेनमध्ये अशा कामाला सामू म्हणतात आणि ते बैठकीइतकंच मानतात. झाडणं, भांडी, भाजी निवडणं, सगळं न बोलता. मौन सगळ्यात जास्त मोडतं ते ओट्यापाशी. म्हणून स्वयंपाकघरात एका वेळी एकच जण.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं फार दुखतं. (पलासिया)

आधी साधं कारण तपासा. चहा बंद केलात का? रोज तीन-चार कप पिणाऱ्याने एकदम सोडला तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतंच. चहा चालू ठेवा. कमी करायचा तर आठवडाभर आधीपासून.

चहाचं नसेल तर कपाळात जोर लावून मोजणी चालली असेल. अठराव्या शतकातले झेन गुरू हाकुइन यांना अतिसाधनेने असाच त्रास झाला होता. त्यावरचा त्यांनी सांगितलेला उपाय मराठी माणसाला चटकन कळेल. डोक्यावर मऊ, सुवासिक लोण्याचा गोळा ठेवलाय अशी कल्पना करायची. तो उबेने वितळतो आणि हळूहळू कपाळ, खांदे, छाती, पोट, मांड्या भिजवत तळपायापर्यंत उतरतो. दहा मिनिटं, आडवं पडूनही चालतं. नंतर मोजणी नाभीखाली चार बोटांवर ठेवा, कपाळात नको.

मौनात अचानक रडू येतं. माझी मानसोपचारांची गोळी चालू आहे. (पत्ता गाळला आहे)

रडू येणं विपरीत नाही. दिवसभराच्या बोलण्याने दाबून ठेवलेलं वर येतं. येऊ द्यावं, पुसावं, पुन्हा एकपासून मोजावं. पण गोळी चालू असेल, अलीकडे घरात मृत्यू झाला असेल, किंवा आधी कधी घबराटीचे झटके आले असतील, तर लांब मौन आत्ता नको. डॉक्टरांना विचारून अर्धा दिवस करा, एकट्याने नको, आणि गोळी एक वेळही चुकवू नका. झोप उडाली, छाती धडधडू लागली, विचार थांबेनासे झाले, तर मौन तिथेच सोडायचं आणि जवळच्या माणसाशी बोलायचं. असं सोडण्यात काहीही कमीपणा नाही. गट असेल तर एकीकडे फोन चालू ठेवायचा आणि कुणालाही कधीही तिच्याशी बोलायची मुभा आहे हे आधीच सांगायचं.

जेवणाचं काय ठेवावं? (नारायणबाग)

धुंधुरमासाने, म्हणजे वर सांगितलेल्या धनुर्मासानेच, ते ठरवून दिलं आहे. मूगडाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भरीत. चौघींना दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी डाळ दुपारी पुरते. पोट थोडं रिकामं ठेवून उठा. जड जेवण झालं की अडीचची वही उशी होते. तीन दिवसांचा बेत लिहून भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवा. गराडू, म्हणजे इंदुरी तळलेला कंद, मौन संपल्यावर.

मौन सोडायचं कसं, आणि लिहिलेलं एकमेकींना दाखवायचं का? (सुदामानगर, पहिल्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

शेवटच्या बैठकीनंतर सगळ्यांनी गोल बसून चहा घ्यावा आणि तेव्हाच बोलायला लागावं, हळू आवाजात. फोन आणखी दोन तास कपाटातच. लिहिलेलं त्या दिवशी वाचू नका. आठ दिवसांनी, एकीच्या घरी, प्रत्येकीने एक पान मोठ्याने वाचावं. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ही म्हणायचं नाही. पान संपलं की घंटेचा एक ठोका, आणि वही पुढचीच्या हातात.